गुहागरची पडवी आणि बिनतारी स्वर

घाटावरच्या माणसास कोकणचा पाऊस दुरून फार गोड वाटतो. पुण्याच्या गच्चीवर उभे राहून पश्चिमेकडचे काळे ढग पाहताना त्याच्या डोळ्यांपुढे हिरवी शेते, भरलेले ओहोळ आणि कौलांवरून गळणाऱ्या पागोळ्या उभ्या राहतात. परंतु त्या पागोळ्यांच्या आत चार महिने संसार कसा चालतो, कपडे कसे वाळतात, काड्यापेटीतील काडी पेटती कशी राहते, पोथीची पाने एकमेकांस कशी चिकटत नाहीत, हा विचार त्यास सहसा शिवत नाही. उन्हाळ्यात आंब्या-फणसांसाठी जाणारा पाहुणा कोकणातल्या घराचे अंगण तेवढे पाहतो. त्या घराची बुद्धी पाहावयाची असेल, तर श्रावणात जावे, असे आमचे मत आहे.

ह्या खेपेस त्या बुद्धीची ओळख आम्हांस एका अगदी नव्या वस्तूच्या निमित्ताने झाली. आजकाल बहुतेक घरांतून दिसणारा बिनतारी स्पीकर हीच ती वस्तू होय. दिवाणखान्यात ठेवण्याकरिता केलेले हे यंत्र आता गच्चीत, व्हरांड्यात, बागेत, झोपाळ्याजवळ, सर्वत्र नेले जाते. शहरात त्याचे एकवार निभावते. परंतु समुद्राकाठच्या पडवीत, ऐन पावसाळ्यात, त्याची काय गत होते आणि ते तेथे नांदावे म्हणून काय करावे लागते, हे आम्ही आठ दिवस राहून पाहिले. ज्या कुटुंबांतील वडील माणसे गावच्या घरी राहतात आणि मुले दूरदेशी, त्यांस ही हकीकत उपयोगी पडेल, असे वाटल्यावरून ती येथे देत आहो.

घाट उतरताना

साताऱ्यावरून उंब्रज, तेथून पाटण आणि कोयनानगर असा रस्ता धरून कुंभार्ली घाट उतरला की चिपळूण लागते. घाटमाथ्यावर धुके इतके दाट होते की पुढल्या मोटारीचा तांबडा दिवा तेवढा दिसत होता. माथ्यावरची हवा थंड, ओली, पण हलकी असते. वळणामागून वळण घेत खाली येऊ लागलो तशी ती जड होऊ लागली, आणि चिपळुणास पोहोचेतो अंगावरचे कपडे पाऊस न लागताही दमट झाले होते. पाऊस आणि ओल ह्या दोन निराळ्या गोष्टी आहेत, हा धडा घाट उतरतानाच मिळतो. पाऊस वरून येतो आणि थांबतो. ओल चोहोंकडून येते आणि थांबत नाही.

चिपळूण हे वाशिष्ठीच्या काठचे गाव. २२ जुलै २०२१ च्या महापुराने तेथील बाजारपेठेची केलेली दैना वाचकांस आठवत असेल. तेथून गुहागर सुमारे ४५ किलोमीटर. मार्गताम्हाने आणि शृंगारतळी ही गावे मागे टाकीत रस्ता सड्यावरून जातो. लावण्या आटोपल्या होत्या, खाचरांतून कोवळी भाते वाऱ्यावर लवत होती, आणि जांभ्या दगडाच्या उघड्या कातळावरही गवताने आपला हिरवा हात फिरविला होता. शेवटचा उतार लागला की समुद्र दिसण्यापूर्वी त्याचा वास येतो. हा वास म्हणजे पुढे सांगावयाच्या सर्व प्रकरणाचे मूळच होय. कारण त्या वाऱ्याबरोबर मीठही येत असते.

गुहागर गाव डोंगर आणि समुद्र ह्यांच्यामधल्या अरुंद पट्टीवर लांबच लांब वसले आहे. किनाऱ्याशी समांतर असा एक रस्ता. त्याच्या दुतर्फा घरे. मध्यभागी व्याडेश्वराचे देऊळ. समुद्राच्या बाजूच्या घरामागे नारळी-पोफळींची वाडी, वाडीपलीकडे सुरूचे बन, आणि त्यापलीकडे सुमारे ६ किलोमीटर लांबीची वाळूची चौपाटी. श्रावणात समुद्र खवळलेला असतो. रात्री पाऊस क्षणभर थांबला की त्याची गाज वाडी ओलांडून थेट माजघरात ऐकू येते.

पडवी : ना घर, ना अंगण

आमच्या आत्याबाईंचे घर ह्याच रस्त्यावर, समुद्राच्या अंगास आहे. आत्याबाई चौऱ्याऐंशीच्या घरात आहेत. त्यांच्या धाकट्या जाऊबाई सोबतीस आहेत. गणपतीत आणि मे महिन्यात ह्या घरी तीस-तीस पाने उठतात. एरवी मुले, पुतणे, नातवंडे मुंबई, पुणे आणि अमेरिका ह्यांत वाटली गेली आहेत. वाडीची व्यवस्था पाहणारे कुटुंब मागील दारी राहते. एवढ्या मोठ्या घरात पावसाळ्याचे चार महिने वस्ती दोघा वृद्ध स्त्रियांची.

घर जुन्या वळणाचे आहे. चिऱ्यांचे उंच जोते, मंगलोरी कौले, आणि कौलांची वळचण इतकी खाली आणलेली की उंच माणसास पडवीत शिरताना मान लववावी लागते. अंगणातून पायऱ्या चढून पडवी, पडवीतून ओटी, ओटीवरून माजघर, आणि त्यामागे स्वयंपाकघर व कोठी. एकेक उंबरठा ओलांडावा तसा उजेड कमी होतो आणि कोरडेपणा वाढतो. पावसाळ्यापूर्वी अंगणातला मांडव उतरवितात, सर्पण आत घेतात, आणि पडवीच्या नैर्ऋत्येकडील बाजूस, जिकडून झड येते तिकडे, माडाच्या झावळ्यांच्या विणलेल्या झापांचा आडोसा करतात. हल्ली झापांच्या जागी प्लॅस्टिकची ताडपत्री आली आहे. परंतु बाजू तीच.

आत्याबाईंचा सारा दिवस ह्या पडवीत जातो. त्यांची नजर गेल्या पाच-सहा वर्षांत फार अधू झाली आहे. वाचन संपले. माजघर कोरडे खरे, पण तेथे अंधार. आणि पडवीत निदान उजेडाची चाहूल लागते, रस्त्याने जाणारे-येणारे हाक मारतात, पावसाचा रंग बदललेला कळतो. तेव्हा “स्पीकर ओलीत नको तर आत ठेवा” हे उत्तर येथे लागू पडत नाही. जेथे ऐकणारे माणूस बसते, तेथेच आवाज आला पाहिजे. आणि हा आवाज आत्याबाईंना केवळ करमणुकीचा नाही. सकाळी बातम्या, दुपारी कोणी वाचून ध्वनिमुद्रित केलेले पुस्तक, संध्याकाळी स्तोत्रे, आणि रविवारी अमेरिकेतल्या नातवाने पाठविलेले बोल, हे सर्व त्या पेटीतून येते. डोळ्यांचे काम तिने पत्करले आहे, असे म्हटले तरी चालेल.

१९५५ साली आकाशवाणीच्या पुणे केंद्रावरून गीतरामायण सुरू झाले, तेव्हा आत्याबाई शाळकरी मुलगी होत्या. माडगूळकरांचे शब्द आणि फडके ह्यांचे स्वर ऐकण्यासाठी शेजाऱ्यांच्या दारात बसावयाचे आणि पुढल्या गीतासाठी आठवडाभर थांबावयाचे, हे त्यांस स्वच्छ आठवते. आज ती ५६ गीते नुसते तोंडाने मागितली की क्रमाने ऐकू येतात. “थांबण्याची गोडी गेली खरी,” त्या म्हणाल्या, “पण थांबायला आता माझ्याजवळ आठवडे तरी कुठे आहेत?”

दोन पेट्यांचे मरण

ह्या पडवीत आजवर दोन स्पीकर मेले. पहिला नातवाने परदेशातून पाठविला होता. तो भिंतीतल्या विजेवर चालणारा, घरातील वाय-फायशी जोडलेला आणि बोललेले ऐकून आज्ञा पाळणारा असा होता. अशा जातीची यंत्रे २०१४ पासून अमेरिकेत आणि २०१७ पासून आपल्याकडे विकली जाऊ लागली. पहिला पावसाळा त्याने कसाबसा काढला. दुसऱ्या आषाढात त्यास हाक ऐकू येईनाशी झाली, मग आवाज घोगरा झाला, आणि एके दिवशी ते बंद पडले. त्यावर एक थेंबही कधी पडला नव्हता. दुसरा मुंबईच्या पुतण्याने आणला. तो बॅटरीवर चालणारा, आणि पाण्यात बुडाला तरी चालेल अशी ग्वाही देणारा होता. त्याचे स्वर शेवटपर्यंत उत्तम राहिले, परंतु बॅटरी भरावयाचे तोंडच गंजले आणि तो उपाशी मेला. त्यानंतरचे दोन महिने पडवी मुकी होती. जाऊबाई थोडेफार वाचून दाखवीत; परंतु त्यांचेही डोळे आता सत्तरीपलीकडचे.

चिपळूणच्या एका दुरुस्तीवाल्याने पहिली पेटी उघडून दाखविली तेव्हा कारण उघड झाले. आतल्या तांब्यावर हिरवा थर चढला होता आणि सांध्यांशी पांढरी भुकटी साचली होती. कल्हई गेलेल्या भांड्यात ताक ठेवावे आणि ते कळकावे, तसाच हा प्रकार.

आत्याबाईंनी ह्याचे निदान दुरुस्तीवाल्याच्या आधीच केले होते. “अरे, मिठाच्या बरणीला विचारा,” त्या म्हणाल्या. “ज्या दिवशी मीठ पाझरू लागते, त्या दिवसापासून मी काड्यापेटी फडताळात ठेवते. तुमच्या ह्या डब्याला फडताळ कोणते?”

ह्या एका वाक्यात सारे रसायनशास्त्र आले आहे. हवेतील सापेक्ष आर्द्रता सुमारे ७५ टक्क्यांच्या वर गेली की साधे मीठ हवेतले पाणी ओढून घेते आणि स्वतःच त्यात विरघळते. कोकणात वर्षाकाठी तीन हजार मिलीमीटरच्या आसपास वा त्याहूनही अधिक पाऊस पडतो, आणि पावसाळ्यात आर्द्रता बहुधा ८० टक्क्यांच्या वरच असते. म्हणून आषाढापासून बरणीतले मीठ ओलेच राहते. आता समुद्राकडे पाहू. लाट फुटते तेव्हा तिच्या फेसातले असंख्य बुडबुडे फुटून खाऱ्या पाण्याचे अतिसूक्ष्म कण हवेत उडतात, आणि वारा ते वाडी ओलांडून घरापर्यंत आणतो. हे कण स्पीकरच्या जाळीतून आत जातात, तारांवर बसतात, आणि बरणीतल्या मिठाप्रमाणेच पाणी ओढून ओले होतात. म्हणजे न भिजलेल्या यंत्राच्या आतही खाऱ्या पाण्याचा एक पातळ पापुद्रा तयार होतो. त्यातून वीज वाहू लागली की तांबे झिजते आणि जेथे प्रवाह जाऊ नये तेथे जातो. किनाऱ्यापासून जितके दूर जावे तितका हा त्रास झपाट्याने कमी होतो. परंतु पहिल्या काहीशे मीटरांत त्याचा जोर फार असतो, आणि गुहागरची बरीच घरे ह्याच टप्प्यात आहेत.

मग जुन्या काळचे रेडिओ कसे टिकत, असा प्रश्न साहजिकच सुचतो. एक तर ते माजघरातल्या फळीवर असत. दुसरे, त्यांतील काचेचे व्हॉल्व्ह तापत, आणि त्या उबेने पेटीचा अंतर्भाग आपोआप कोरडा राही. पुढे ट्रान्झिस्टर पडवीत आला. त्याच्या सेलांना गंज चढे. पण झाकण काढून चाकूच्या टोकाने तो खरवडता येई. आजचे यंत्र थंड, सूक्ष्म आणि बंद. ते खरवडता येत नाही आणि स्वतःला वाळविण्याइतके तापतही नाही.

खोक्यावरचा आकडा काय सांगतो

आता विकत घेताना काय पाहावे, हे सांगू. खोक्यावर ‘आय.पी.’ ह्या अक्षरांपुढे दोन अंक छापलेले असतात. ही एक आंतरराष्ट्रीय खूण असून तिचे प्रमाणपुस्तक १९७६ साली प्रथम निघाले. पहिला अंक धुळीचा, ० ते ६ पर्यंत, दुसरा पाण्याचा. पाण्याच्या अंकात ४ म्हणजे कोणत्याही बाजूने उडालेले शिंतोडे सोसणारे. ५ म्हणजे नळीच्या धारेस टिकणारे. ७ म्हणजे एक मीटर पाण्यात अर्धा तास बुडून वर येणारे. अंकाच्या जागी ‘एक्स’ असेल, तर त्या बाबतीत परीक्षाच घेतलेली नाही असे समजावे. खूण मुळीच नसेल, तर ते यंत्र कोरड्या खोलीसाठी आहे. घरातील आज्ञाधारक स्पीकर पुष्कळदा ह्याच वर्गातले असतात.

ह्या अंकाविषयी तीन गोष्टी ध्यानात ठेवाव्यात. पहिली, ७ हा अंक ५ हून मोठा असला तरी त्यात ५ ची परीक्षा आपोआप येत नाही. बुडविणे निराळे आणि धार मारणे निराळे. दुसरी, ही परीक्षा नव्या कोऱ्या यंत्राची आणि गोड्या पाण्यात होते. रबराची झाकणे दोन वर्षांनी कडक झाल्यावर काय होईल, अथवा खारी हवा चार महिने बिलगून राहिल्यावर काय होईल, हे तो अंक सांगत नाही. तिसरी, बॅटरी भरण्याच्या तोंडावरील बूच घट्ट बसलेले असेल तरच पुष्कळ यंत्रांची ग्वाही खरी असते. पुतण्याच्या स्पीकरचा नाश नेमका ह्याच दारातून झाला.

म्हणून समुद्राकाठच्या पडवीसाठी दोन्ही अंक भरलेले, म्हणजे ५६ अथवा ६७ असे, यंत्र घ्यावे. बॅटरी आतच असावी. बाहेरची जाळी व खिळे उघड्या लोखंडाचे नसावेत. आणि विजेवाचून काही तास चालण्याची त्याची शक्ती असावी. ह्या शेवटच्या गुणाचे महत्त्व शहरी माणसास कळत नाही. ३ जून २०२० रोजी आलेल्या निसर्ग चक्रीवादळानंतर दापोली-मंडणगड भागातील गावे कित्येक दिवस अंधारात होती. झाड पडले की वीज जाते, तिच्याबरोबर राउटर जातो, आणि इंटरनेटवर जगणारा स्पीकर मुका होतो. मोबाइलमध्ये आधीच साठविलेली स्तोत्रे आणि पुस्तके ब्लूटूथने ऐकता येतील अशी सोय त्यात असावी. आणि ज्यास तीही खात्री नको, त्याने सेलांवर चालणारा एक साधा रेडिओ फडताळात ठेवावाच.

आवाज कोठे ठेवावा

बंद खोलीत भिंती आणि छप्पर आवाज परत पाठवितात. उघड्यावर तो गेला तो गेला. मोकळ्या जागेत अंतर दुप्पट झाले की आवाजाची पातळी ६ डेसिबलने उतरते. म्हणजे एक मीटरवर जे स्पष्ट ऐकू येते, तेच चार मीटरवर तितकेच ऐकू यावयास सोळापट शक्ती खर्च करावी लागते. कौलांवर सरींचा मारा चालू असता यंत्र दूर ठेवून आवाज चढवीत बसणे हा म्हणूनच तोट्याचा व्यवहार. पत्र्याच्या छपराखाली तर कोणतेच यंत्र पावसास हरवू शकत नाही.

आठ दिवसांच्या प्रयोगानंतर आम्ही जी जागा निश्चित केली ती अशी : ओटीच्या भिंतीस लागून, झडीपासून दूरच्या ईशान्य कोपऱ्यात, आत्याबाईंच्या आरामखुर्चीपासून हातभर अंतरावर, बसलेल्या माणसाच्या कानाच्या उंचीची एक लाकडी फळी. मागे चिऱ्याची भिंत असल्यामुळे खर्जाचे स्वर भरून येतात आणि आवाज अंगणात वाया जात नाही. फळी भिंतीपासून दोन बोटे सुटी ठेवली, कारण पावसाळ्यात भिंतही घामेजते. जोत्यावर अथवा जमिनीवर यंत्र कधी ठेवू नये. ओल प्रथम खालून चढते. गंमत अशी की फळी ठोकावयास गेलो तेव्हा त्याच कोपऱ्यात दोन जुनी खुंट्यांची भोके आढळली. आत्याबाईंचे सासरे तेथे पंचांग आणि कंदील टांगीत असत. पडवीतली सर्वांत कोरडी जागा कोणती, हा शोध घराने फार पूर्वीच लावून ठेवला होता.

वाय-फायचा राउटर माजघरात होता. हात-दीड हात जाडीच्या चिऱ्यांच्या भिंती आणि त्यांत मुरलेले पाणी ह्यांतून त्याच्या लहरी पडवीपर्यंत फार क्षीण होऊन येत. ह्या लहरी दोन पट्ट्यांत असतात, २.४ गिगाहर्ट्‌झची लहर भिंतीतून त्यातल्या त्यात बरी जाते, ५ गिगाहर्ट्‌झची लवकर अडते. राउटर उचलून ओटीच्या दारासमोरच्या कोनाड्यात ठेवला, स्पीकर २.४ वर लावला, आणि तक्रार मिटली.

एक गोष्ट मात्र कळकळीने सांगावीशी वाटते. विजेवर चालणारा स्पीकर लांब तारेने ओढून पडवीत आणू नये. ओली जमीन, अनवाणी पाय आणि जोडतारेचा उघडा सांधा ह्यांचा संयोग प्राणघातक ठरू शकतो. पडवीत विजेचे तोंड असणे अपरिहार्यच असेल, तर विजेची गळती ३० मिलिअँपिअरपर्यंत जाताच प्रवाह तोडणारा आर.सी.सी.बी. स्विच जाणत्या कारागिराकडून बसवून घ्यावा. एका गाण्याची किंमत एवढी मोठी असू नये.

वस्ती आत, काम बाहेर

यंत्राची दिनचर्या आत्याबाईंनीच ठरविली. “पापड कसे? सकाळी बाहेर, सांजेला आत,” एवढे त्यांनी सांगितले, आणि त्याप्रमाणे नियम बांधला. सकाळी चहा झाल्यावर स्पीकर पडवीतल्या फळीवर जातो. दिवेलागणीस जाऊबाई तो आत आणतात, गोड्या पाण्यात भिजवून घट्ट पिळलेल्या फडक्याने पुसतात, मग कोरड्या फडक्याने. म्हणजे दिवसभरात बसलेले मीठ रात्रीवर राहत नाही. बॅटरी माजघरातच भरावयाची, आणि तीही तोंड कोरडे असल्याची बोटाने खात्री करून. भरून झाली की यंत्र घट्ट झाकणाच्या मोठ्या डब्यात ठेवावयाचे. डब्याच्या तळाशी सिलिका जेलची पुरचुंडी असते. औषधांच्या बाटल्यांतून हे दाणे येतात आणि स्वतंत्रही मिळतात. रंग बदलणारे दाणे घेतले तर ते ओलीने भरले केव्हा ते कळते. मग मंद आचेवर तापवून ते पुन्हा कोरडे करता येतात. ह्या कामास तांदूळ वापरू नयेत. ते ओल फारशी ओढीत नाहीत आणि त्यांची पूड मात्र फटींत शिरते.

ह्या घराची एक जुनी रीत येथे मोडावी लागली. पूर्वी ओलीने बिघडणारी प्रत्येक वस्तू चुलीवरच्या माळ्यावर जाई. हे यंत्र तेथे ठेवू नये. त्यातील लिथियमच्या बॅटरीस उष्णता सोसत नाही. चुलीची ऊब, उन्हातली फळी, मोटारीची बंद काच, ही तिन्ही तिचे आयुष्य तोडतात. उलट एक जुनी समजूत येथेही खरी ठरते : वापरातली वस्तू टिकते. चालू असलेले यंत्र किंचित ऊबदार राहते, आणि तेवढ्या उबेनेही आतली ओल कमी होते. महिनोन्‌महिने कोपऱ्यात पडून राहिलेला स्पीकर रोज बोलणाऱ्या स्पीकरच्या आधी मरतो. दीर्घकाळ ठेवून द्यावयाचाच झाल्यास बॅटरी सुमारे निम्मी भरून, कोरड्या डब्यात ठेवावा.

शेजाऱ्यांचा कान

उघड्यावरचा आवाज आपल्यापुरता राहत नाही, ही गोष्ट ह्या यंत्राच्या हौसेत पुष्कळ विसरतात. गुहागरच्या चौपाटीवर आम्ही एका संध्याकाळी गेलो तेव्हा पाऊस उघडला होता आणि पश्चिमेस ढगांच्या चिरेतून केशरी उजेड पाण्यावर पडला होता. सुरूच्या बनातून वारा वाहू लागला की त्याचा एक लांबलेला सुस्कारा ऐकू येतो. तो ऐकण्यासाठी माणसे मुद्दाम तेथे थांबतात. तेवढ्यात एका पाहुण्या मंडळीने आपला स्पीकर वाळूत रोवला आणि तो सुस्कारा, ती गाज, सारेच बुडाले. वाळू आणि खारे पाणी त्या यंत्राचे पारिपत्य यथावकाश करतीलच. पण त्या संध्याकाळपुरते आमचे नुकसान भरून निघाले नाही.

कायद्यानेही ह्यास सीमा घातली आहे. २००० सालच्या ध्वनिप्रदूषण नियमांप्रमाणे निवासी भागात दिवसा ५५ आणि रात्री ४५ डेसिबल ही मर्यादा आहे. रात्र म्हणजे १० ते ६. खासगी जागेतल्या यंत्राचा आवाज तिच्या हद्दीवर ह्या मर्यादेहून ५ डेसिबलपेक्षा अधिक वर जाऊ नये, असेही त्यात आहे. परंतु आत्याबाईंचा नियम ह्याहून सोपा आणि कडक आहे. कुंपणापलीकडून शब्द ओळखू येता कामा नये, एवढाच तो नियम. स्पीकर कानाशी असल्यावर तो पाळणे मुळीच कठीण जात नाही.

आम्ही राहिलो त्या आठ दिवसांत यंत्राने एकदाही दगा दिला नाही. अर्थात आठ दिवस म्हणजे पावसाळा नव्हे. त्याची खरी परीक्षा नवरात्र उजाडल्यावर कळेल. परंतु तो टिकला, तर खोक्यावरच्या अंकाइतकेच श्रेय जाऊबाईंच्या फडक्यास द्यावे लागेल. दूरदेशी असलेल्या मुलांनी वडील माणसांस अशी यंत्रे अवश्य पाठवावीत. पण नुसते यंत्र पाठवून आपले कर्तव्य झाले असे समजू नये. ते माणूस कोठे बसते, तेथे वारा कोणत्या बाजूने येतो, यंत्र रात्री आत कोण घेईल, आणि बॅटरीचे बूच म्हाताऱ्या बोटांना लावता येते की नाही, हे चार प्रश्न आधी विचारावेत, आणि जमल्यास एखाद्या श्रावणात स्वतः येऊन त्यांची उत्तरे पाहावीत. त्या निमित्ताने तो आवाज चार दिवस पेटीतून न येता समोरून येईल, आणि त्यास कोणतीही ओल बाधत नाही.